शिट्टी न वाजणाऱ्या कुकरात अंडी उकडायची ती अशी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. हे एकसष्ट दिवस बाजारात ताजी मासळी नावापुरती, आगोटीला भरून ठेवलेली सुकट आणि बोंबील रोज रोज खाववत नाहीत, मग घरोघर अंड्यांवर भार येतो. याच दिवसांत पोटमाळ्यावरचं एक खोकं खाली उतरतं. मुंबईच्या मुलाने नाहीतर सुनेने मे महिन्यात येताना आणलेला इलेक्ट्रिक प्रेशर कुकर त्यात असतो, आणि तो बहुतेक वेळा नवाकोरा असतो. कारण पहिल्या दिवशी तो लावला, घरातली सगळी शिट्टीची वाट बघत बसली, शिट्टी काही आली नाही, आणि "बिघडलोहा" म्हणून त्याची रवानगी परत माळ्यावर झाली.

हे सगळं लिहिण्याचं कारण तेच. गावातल्या आई-काकूंसाठी, रत्नागिरी-कुडाळला नोकरीसाठी येऊन खोली घेऊन राहिलेल्या पोरापोरींसाठी, आणि तारकर्ली, गुहागर, हर्णै अशा ठिकाणी घरातच पाहुणे ठेवणाऱ्यांसाठी. सकाळी आठच्या आत दोन डझन उकडलेली अंडी टेबलावर हवीत आणि त्याच वेळी गॅसच्या एका शेगडीवर घावणे, दुसरीवर चहा, अशी ज्यांची स्थिती असते त्यांना या कुकराचा खरा उपयोग.

म्हणूनच आधी सांगून टाकतो: दोनच अंडी उकडायची असतील तर हा कुकर काढू नका. लहान टोपात पाणी उकळवा, अंडी हलकेच सोडा, अकरा-बारा मिनिटांनी गार पाण्यात काढा, झालं. कुकराला वाफ धरेपर्यंतच सहा-आठ मिनिटं जातात, शिवाय तो धुवायचा. सहा अंड्यांच्या पुढे गेलात की मात्र कुकर चांगला. त्याच्यापाशी उभं राहावं लागत नाही, पाणी उतू जात नाही, आणि सोलताना अंड्याची चाळण होत नाही.

शिट्टी का येत नाही

गॅसवरच्या कुकरात आतला दाब साधारण १५ पीएसआयच्या आसपास गेला की शिट्टीचं वजन उचललं जातं आणि जादा वाफ बाहेर पडते. आपण ती वाफ मोजतो आणि तिला शिजणं समजतो. इलेक्ट्रिक कुकर वाफ बाहेर टाकतच नाही. आत दाब बसला की तो स्वतःच वीज कमी करतो, दाब उतरला की पुन्हा घेतो. त्याचा 'हाय' दाब साधारण १० ते १२ पीएसआयचा, म्हणजे आतली उष्णता ११५ अंशांच्या आगेमागे. गॅसच्या कुकरात ती १२१ च्या जवळ जाते. फरक थोडाच आहे, पण त्यामुळे "गॅसवर दोन शिट्ट्या म्हणजे इथे किती?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. शिट्ट्या सोडून द्यायच्या आणि मिनिटं धरायची.

मिनिटं कधीपासून धरायची, हा नवशिक्यांचा दुसरा घोळ. तुम्ही ५ मिनिटं लावली की लगेच ५, ४, ३ असं सुरू होत नाही. आधी पडद्यावर 'ऑन' असं किंवा फिरणारी रेघ दिसते. तेव्हा आत पाणी तापत असतं. मग झाकणावरची बारीक पिन टक्कन वर येते, तिच्या बाजूने निघणारी वाफ बंद होते, आणि त्यानंतर कुठे घड्याळ चालू होतं. पिन वर येण्याआधी थोडी वाफ सुरसुरते, तिला घाबरायचं नाही. सात-आठ मिनिटं झाली तरी ती सुरसुरतच असेल आणि पिन खालीच असेल, तर झाकणाची रबराची रिंग नीट बसलेली नाही किंवा वरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलाय. आमच्याकडे नव्वद टक्के वेळा व्हॉल्व्हच उघडा असतो.

शेजारच्या आजी अजून विचारतात, "गो, शिटी कित्याक वाजणा नाय?" त्यांना पिन दाखवली. आता त्या पिनकडे बघत बसतात.

अंडी कुठली आणि किती दिवसांची

इथे जरा वेळ घालवा, कारण अंडं नीट सोललं जाणं न जाणं कुकरापेक्षा अंड्यावर जास्त अवलंबून असतं.

कोकणात दोन तऱ्हेची अंडी मिळतात. दुकानातली पोल्ट्रीची, पन्नास-पंचावन्न ग्रॅमची, आणि घरच्या किंवा शेजारच्या खुराड्यातली गावठी, पस्तीस ते पंचेचाळीस ग्रॅमची. वनराजा, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींची परसात पाळलेली कोंबडी असेल तर तिची अंडी या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतात. कवच पांढरं की तपकिरी यावर शिजण्याचा वेळ ठरत नाही, वजनावर ठरतो.

गावठी अंड्याचं कौतुक आपण ताजेपणासाठी करतो आणि उकडताना तोच ताजेपणा आडवा येतो. सकाळी घातलेलं अंडं दुपारी उकडलं तर कवचाबरोबर पांढऱ्याचे टवके निघतात. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे तो आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून राहतो. दिवस जातील तसा हा वायू कवचाच्या बारीक छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याचा आम्ल-अल्कली अंक आठच्या खालून नवाच्या वर चढतो आणि पकड सुटते. आपल्या हवेत फ्रिजबाहेर ठेवलेल्या अंड्याला तीन-चार दिवस पुरतात. फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडाभर धरा. म्हणून उकडायला जुनी अंडी घ्या, ताजी अंड्याच्या पोळीला, म्हणजे ऑम्लेटला, ठेवा.

घातल्याची तारीख कोणी लिहून ठेवत नाही, तेव्हा खोल भांड्यात पाणी घेऊन अंडं सोडा. तळाला आडवं पडलं तर ताजं. तळाला टेकूनच उभं राहिलं तर काही दिवसांचं, उकडायला उत्तम. तरंगलं तर फेकून द्या, वास बघायच्या भानगडीत पडू नका. आतली हवेची पोकळी वाढत गेल्यामुळे हे होतं.

गावठी अंड्यांच्या बाबतीत आणखी एक तपासणी हवी, आणि ती शहरातून आलेल्यांना कोणी सांगत नाही. परसात कोंबडा असतो, त्यामुळे अंडी बहुधा फळलेली असतात. कोंबडी खुडूक होऊन चार-सहा दिवस बसली आणि मग घरमालकिणीच्या लक्षात आलं, असं घडतं. उबवून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात, पण पाच-सहा दिवसांतच आत रक्तवाहिन्यांचं जाळं धरलेलं असतं. अंधाऱ्या खोलीत जा, मोबाइलची बॅटरी लावा, अंड्याचं जाड टोक तिच्यावर टेकवा. आत सगळीकडे एकसारखा पिवळसर उजेड दिसला तर ठीक. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा किंवा मधोमध काळा ठिपका दिसला तर ते अंडं परत कोंबडीखाली ठेवा, ती खुश होईल.

धुणं उकडण्याच्या आधी लगेच. गावठी अंड्यावर माती, विष्ठा, पेंढ्याचा तुकडा असणारच. नळाखाली धरून बोटाने चोळा. मात्र आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, तो धुऊन निघाला की बाहेरची घाण छिद्रांतून आत जायला मोकळी होते.

फ्रिजमधली अंडी असतील तर पंधरा-वीस मिनिटं आधी काढून ठेवा. थंडगार कवचाला एकदम वाफ लागली की तडा जातो.

आता कुकर लावायचा

कुकर भिंतीपासून थोडा पुढे ओढा आणि वर फळी किंवा कपाट नसेल अशा ठिकाणी ठेवा. वाफ सरळ वर जाते आणि प्लायवूड फुगतं. पावसात ते आधीच फुगलेलं असतं, त्यात भर नको. सहा लिटरचा कुकर साधारण १००० वॅट घेतो, तेव्हा तो भिंतीतल्या प्लगमध्येच लावा आणि अर्थिंग आहे याची खात्री करा. मिक्सर, किटली आणि कुकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर नकोत.

आतलं स्टीलचं भांडं बाहेर काढा आणि त्याचा बाहेरचा तळ कोरड्या फडक्याने पुसून मगच परत बसवा. नव्या माणसाला ही खोड वाटते. पण त्या तळाखाली तापणारी प्लेट असते आणि तिच्यावर पाण्याचे थेंब राहिले तर चुरचुर आवाज येतो, हळूहळू डाग पडतात, आणि आपल्या खाऱ्या हवेत त्या डागांचा गंज व्हायला वेळ लागत नाही.

भांड्यात एक कप पाणी, म्हणजे सुमारे २४० मिली. चहाचे दोन लहान पेले म्हणा. अंडी सहा असोत की बारा, पाणी तेवढंच. वाफ बाहेर जात नसल्यामुळे आटत नाही. जास्त पाणी घातलंत तर बिघडत काही नाही, फक्त तापायला वेळ लागतो. आमच्याकडे काही घरांत विहिरीचं पाणी थोडं क्षाराचं असतं, त्याने भांड्यावर पांढरट वलय उमटतं. पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाकली तर ते उमटत नाही.

पाण्यात कुकराबरोबर आलेली जाळीची तिवई ठेवा. ती हरवली असेल (ती हरवतेच) तर इडलीपात्राची ताटली किंवा भोकांची स्टीलची चाळणी चालते. अंडी पाण्यात बुडवायची नाहीत, वाफेवर ठेवायची. तळाला टेकलेलं अंडं तापलेल्या स्टीलवर आदळत राहतं आणि फुटतं. शिवाय पाणी थोडं असल्याने ते लवकर उकळतं आणि अंड्याला पहिल्यापासून कडक वाफ लागते. गार पाण्यापासून हळूहळू तापवलेल्या अंड्याचं पांढरं पापुद्र्याला चिकटत जातं. एकदम गरम वाफेत गेलेल्याचं पांढरं चटकन आळतं आणि पापुद्र्यापासून सुटं होतं. सोलायला सोपं जातं त्याचं निम्मं गुपित इथे आहे.

अंडी एका थरात लावा. जागा नसेल तर दुसरा थर वर चढवला तरी चालतं, फक्त दाबून बसवू नका. झाकण लावण्याआधी रबराची रिंग बोटाने सगळीकडून फिरवून बघा, कुठे वर आलेली नाही ना. झाकण फिरवून बंद करा, व्हॉल्व्ह 'सीलिंग' (बंद) कडे करा. 'प्रेशर कुक' किंवा जुन्या मॉडेलांत 'मॅन्युअल' लिहिलेलं बटण दाबा, दाब 'हाय' ठेवा, वेळ ५ मिनिटं. काही कुकरांवर अंड्याचं चित्र असलेलं बटण असतं. त्याने किती मिनिटं लावली आहेत ते पडद्यावर वाचूनच विश्वास ठेवा.

आणि लगेच 'कीप वॉर्म' बंद करा. हे विसरलं तर शिजून झाल्यावरही कुकर अंड्यांना ऊब देत राहतो, आणि तुम्ही आंघोळ करून येईपर्यंत बलकाभोवती हिरवट-करडी कडा धरलेली असते. पांढऱ्यातून सुटलेला गंधकाचा वायू आणि बलकातलं लोह यांचं ते फेरस सल्फाइड. खाल्ल्याने काही होत नाही, पण पाहुण्याच्या ताटात दिसलं की तो अंडं उलटून बघतो.

पाच मिनिटं संपली की कुकर बीप करतो. काहीही करू नका. आणखी पाच मिनिटं जाऊ द्या. दाब एकदम सोडला तर कवचं तडकतात. पाच मिनिटांनी व्हॉल्व्ह 'व्हेंटिंग' (उघडा) कडे ढकला, पण हाताने नाही, लाकडी कालथ्याच्या दांड्याने. तोंड आणि मनगट बाजूला ठेवा. वाफ संपली, पिन टक्कन खाली पडली, की झाकण उघडा. पिन वर असताना झाकण उघडत नाही आणि उघडायला जोरही करायचा नाही.

ही झाली ती प्रसिद्ध पाच-पाच-पाचची रीत: पाच मिनिटं दाबावर, पाच मिनिटं तसंच, पाच मिनिटं गार पाण्यात. २०१० साली कॅनडातून इन्स्टंट पॉट नावाचा असाच इलेक्ट्रिक कुकर बाजारात आला आणि त्याच्या मागोमाग ही रीत जगभर पसरली. पण ती दुकानातल्या मोठ्या अंड्यांची रीत आहे. गावठी अंड्याला दाबावर ४ मिनिटं भरपूर होतात. एकाच घाण्यात दोन्ही तऱ्हेची अंडी मिसळलीत तर लहान अंड्यांच्या बलकाला ती हिरवी कडा येणार, मोठ्यांसाठी थांबावंच लागतं.

बलक अगदी कोरडा नको, मधोमध जरा ओलसर हवा असेल तर ३ मिनिटं दाब आणि थांबा न घेता लगेच वाफ सोडायची. एखादं फुटेल, ते मान्य करायचं. लहान मुलं, गरोदर बाई आणि घरातली म्हातारी माणसं यांच्यासाठी मात्र पूर्ण शिजलेलंच द्या.

पाहुण्यांसाठी दोन घाणे काढायचे असतील तर एक गोष्ट लक्षात असू द्या. दुसऱ्या घाण्याच्या वेळी भांडं, झाकण, पाणी सगळं तापलेलं असतं. पिन दोन-तीन मिनिटांत वर येते. पहिल्या घाण्यात दाब धरेपर्यंत अंडी सहा-आठ मिनिटं तापत होती, ती या वेळी तापलेलीच नसतात. म्हणून दुसऱ्या घाण्याला एक मिनिट वाढवा. पाणी जरासं कमी झालेलं असेल तर तेवढं घाला.

गार पाणी, आणि कुठलं गार पाणी

मोठं पातेलं आधीच भरून ठेवा. अंडी चिमट्याने किंवा झाऱ्याने काढून थेट त्यात. शिजणं तिथेच थांबतं आणि आतलं अंडं आकसून कवचापासून सुटतं. विहिरीचं नाहीतर नळाचं पाणी कोकणात बर्फासारखं कधीच नसतं, ते अंड्यांच्या उष्णतेने मिनिटाभरात कोमट होतं. ते ओतून टाका, दुसरं घ्या. दोनदा बदललं की काम होतं. फ्रिजमध्ये बर्फाचा ट्रे असेल तर उत्तमच.

मासळीच्या बाजारातला किंवा जेटीवरचा बर्फ मात्र आणू नका. स्वस्त असतो, घमेलंभर मिळतो, पण तो खाण्यासाठी केलेला नसतो. गरम अंडं गार होताना आत आकसतं आणि कवचाच्या छिद्रांतून, तड्यांतून बाहेरचं पाणी थोडं आत ओढतं. पावसाळ्यात गढूळ झालेल्या विहिरीचं पाणीही याच कारणाने नको. पिता येईल असंच पाणी घ्या.

सोलताना जाड टोकाकडून सुरुवात करा. तिथे हवेची पोकळी असते. ओट्यावर ते टोक टेकवून हलकं टिचवा, मग अंडं तळहाताखाली एकदा गोल फिरवा, सगळीकडे बारीक भेगा पडतील. पोकळीच्या जागी पांढरा पापुद्रा दिसेल. अंगठ्याने तो पापुद्रा धरा. नुसतं कवच धरलंत तर तुकडे तुकडे निघत राहतात, पापुद्रा हातात आला की अर्धं कवच एका ओढीत सुटतं. एखादं हट्टी निघालं तर पातेल्यातल्या पाण्यात बुडवून सोला, पाणी आत शिरून मदत करतं. तरीही टवके निघाले तर अंडं ताजं होतं. ते भुर्जीत किंवा रश्श्यात खपतं.

लाईट गेली तर

पावसाळ्यात हे होणारच. वाऱ्याने फांदी तारांवर येते आणि दोन तास नाहीतर दोन दिवस विचारू नका. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर कुकर लावायचा विचारही नको, हजार वॅटचा भार त्याला झेपत नाही.

पिन वर येण्याआधी लाईट गेली तर अंडी अजून कच्चीच धरा. कुकर उघडा आणि गॅसवर टोपात नेहमीसारखी उकडा, लाईटची वाट बघत अर्धकच्ची ठेवू नका. पिन वर आल्यानंतर गेली तर झाकणाला हात न लावता पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. आतली वाफ आणि तापलेलं भांडं मिळून उरलेलं काम बहुतेक पुरं करतात. मग एक अंडं ओट्यावर भोवऱ्यासारखं फिरवा. गरगर एकसारखं फिरलं आणि बोट ठेवल्यावर जागीच थांबलं तर शिजलंय. लडबडत फिरलं, बोट काढल्यावर पुन्हा हलायला लागलं, तर आत पातळ आहे. नक्की कळत नसेल तर एक फोडून बघा.

लाईट परत आल्यावर काही कुकर जिथे थांबले तिथून पुढे चालू होतात, काहींना पहिल्यापासून सांगावं लागतं. तुमचा कुठला, ते खोक्यातल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते कळेपर्यंत लाईट गेली की प्लग काढून ठेवायची सवय बरी, कारण येताना व्होल्टेज कधी कधी उडी मारून येतं. व्होल्टेज कमी असेल तर पिन वर यायला दहा-बारा मिनिटंही लागतात. वेळ दाबानंतर मोजला जात असल्याने तुमच्या पाच मिनिटांत फरक करायची गरज नाही.

रश्श्यासाठी उकडायची असतील तर

रश्श्यात अंडी पुन्हा पाच-सात मिनिटं उकळणार, म्हणून दाबाची मिनिटं एकाने कमी करा. पोल्ट्रीची ४, गावठी ३. एरवी बलक भुसभुशीत होतो आणि रश्श्यात विरघळून त्याचा रंग मारतो.

सहा अंड्यांना अर्ध्या नारळाचं खोबरं, दोन कांदे, सहा-सात लसणीच्या पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं. कांदा आणि खोबरं वेगवेगळं, मंद आचेवर, तपकिरी होईस्तोवर भाजायचं आणि बारीक वाटायचं. त्याच कुकराच्या भांड्यात 'सॉटे' (परतायच्या बटणा) वर तेल, थोडा चिरलेला कांदा, दोन चमचे मालवणी मसाला, हळद, मग वाटप. तेल सुटलं की गरम पाणी, मीठ, दोन आमसुलं. उकळी आली की अंड्यांना सुरीने दोन उभ्या चिरा देऊन सोडायची. झाकण लावून दाब द्यायची गरज नाही. तिरफळं घालू नका, ती बांगड्याच्या कालवणाला. सोबत तांदळाची भाकरी किंवा घावणे.

उरलेली अंडी, आणि कुकराची निगा

कवचासकट उकडलेली अंडी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. सोललेली त्याच दिवशी संपवा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, एप्रिल-मेच्या उकाड्यात तर तासाभरातच फ्रिजमध्ये गेली पाहिजेत. सहलीला वेळासला किंवा गणपतीपुळ्याला डब्यात नेताना हे आठवा. सोललेलं किंवा न सोललेलं, उकडलेलं अंडं मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, आत वाफ कोंडून ते फुटतं, कधी कधी तोंडाजवळ. गरम हवं असेल तर उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा.

ज्या कुकरात सुक्या जवळ्याचं काही शिजलंय त्यात अंडी उकडलीत तर अंड्यांना जवळ्याचा वास येतो. भांड्याला तो नसतो, रबराच्या रिंगला असतो. घासून जात नाही. कुकरात एक कप पाणी, दोन चमचे व्हिनेगर आणि लिंबाच्या साली घालून दोन मिनिटं दाब दिला की कमी होतो. पण खरं सांगायचं तर दुसरी रिंग विकत घ्या, एक मासळी-मटणाची, एक बाकी सगळ्याची. त्याच कंपनीची, त्याच मापाची घ्या. मापात थोडा जरी फरक असला तर दाब धरत नाही.

काम झाल्यावर रिंग काढून धुवा आणि पुसून बाहेरच ठेवा, झाकणात परत अडकवू नका. पावसाळ्यात दमट हवेत रिंगच्या खाचेत दोन दिवसांत बुरशी येते. व्हॉल्व्हचं टोक ओढून काढता येतं, त्यातून एकदा पाणी सोडा, भाताचा फेस किंवा मुंगी अडकलेली असते. झाकण उलटं करून भांड्यावर ठेवा, म्हणजे आत हवा खेळते. आणि कुकर परत खोक्यात घालून माळ्यावर चढवू नका, तिथे उंदीर वायर कुरतडतात.